दगड एकाचा, गुन्हा कितीजणांचा?

18 ऑक्टोबर 2017 ची रात्र. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, फ्लिंट शहराच्या उत्तरेला, इंटरस्टेट 75 महामार्गावरच्या पुलावर पाच मुलं उभी होती. वयं 15 ते 17. खालून जाणाऱ्या गाड्यांवर दगड टाकायचे, हा खेळ. त्यातला साधारण सहा पौंडांचा, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपासचा एक दगड एका व्हॅनची पुढची काच फोडून आत घुसला. चालकाशेजारी बसलेला, कामावरून घरी निघालेला 32 वर्षांचा माणूस गेला. दगड एकाच्याच हातून सुटला होता. सरकारी पक्षाने मात्र पाचही जणांवर दुसऱ्या दर्जाच्या, म्हणजे आधी ठरवून न केलेल्या खुनाचा आरोप ठेवला, आणि तोही प्रौढ म्हणून. पुढे दगड टाकणाऱ्याने खुनाची कबुली दिली आणि त्याला किमान 39 महिने, कमाल 20 वर्षं अशी शिक्षा झाली. उरलेल्या चौघांनी मॅनस्लॉटर, म्हणजे आपल्याकडच्या सदोष मनुष्यवधाच्या जवळ जाणारा गुन्हा, कबूल केला.

अशी बातमी आली की लोक दोन गटांत वाटले जातात. एक गट म्हणतो, पोरं होती, मस्करीची कुस्करी झाली, आयुष्य कशाला नासवता? दुसरा म्हणतो, पाचही जण खुनी, सगळ्यांना सारखंच आत टाका. दोन्ही गटांना एक गोष्ट नकोशी असते: प्रत्येक मुलाकडे वेगवेगळं बघायची मेहनत. माझं म्हणणं असं की, अशा घटनेत जबाबदारी सगळ्यांची असते, पण सारखी नसते. ती मोजायचं माप दगड कुणाच्या हातात होता हे नाही, आणि पुलावर कोण कोण उभं होतं हेही नाही. पुढे काय होऊ शकतं हे त्या क्षणी कुणाला कळलेलं होतं, आणि कळल्यावर त्याने काय केलं, हे ते माप आहे. आपल्या कायद्यात त्यासाठी लागणारी कलमं आहेत. ती वापरली जात नाहीत, ही तक्रार आहे.

आधी दगडाकडे बघू, कारण ‘एवढंसं काय ते’ ही समजूत तिथूनच सुरू होते. महामार्गावरच्या पुलाखाली साधारण साडेपाच मीटर मोकळी जागा असते. कठडा आणि हाताची उंची धरली तर दगड सातेक मीटरवरून सुटतो. खाली यायला त्याला जेमतेम सव्वा सेकंद लागतो, आणि तोवर त्याचा वेग ताशी 42 किलोमीटरच्या घरात गेलेला असतो. पण मारतो तो हा वेग नाही, मारतो तो गाडीचा वेग. समोरून ताशी 110 ने गाडी येत असेल तर त्या सव्वा सेकंदात ती 36 मीटर पुढे आलेली असते. ब्रेकवर पाय जायलाच माणसाला तेवढा वेळ लागतो. दोन्ही वेग मिळून पावणेतीन किलोचा दगड काचेवर ताशी 118 किलोमीटरने आदळतो. 160 ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी 140 ने तोंडावर बसला तर काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. त्या चेंडूच्या बारापट ऊर्जा या दगडात असते, आणि समोर बसलेल्याच्या डोक्यावर हेल्मेट नसतं.

मुंबईत पुलाचीही गरज पडत नाही. रुळांखालची खडी हाताशी असते. मुठीत मावेल असा 200 ग्रॅमचा तुकडा, पोराने जोर लावून ताशी 50 ने भिरकावलेला, आणि समोरून 80 ने येणारी लोकल: दाराशी उभ्या असलेल्या प्रवाशाला तो ताशी 130 ने लागतो. शिवाय फलंदाजाला चेंडू दिसत असतो, दारातल्या माणसाला दगड दिसत नाही.

15 वर्षांच्या मुलाला हा हिशेब येत नाही, असं बचावात म्हणता येईल. खरंच येत नाही. यायची गरजही नाही. त्याला काय कळलं होतं हे त्याच्या वागण्यात दिसतं. छोटे खडे सोडून त्याने मोठा दगड निवडला का? रिकाम्या रस्त्यावर न टाकता गाडी यायची वाट बघितली का? कुणी ‘आली, आली’ म्हणून सांगायला उभा होता का? आणि सर्वांत महत्त्वाचं, हा पहिला दगड होता की दुसरा? मिशिगनमध्ये त्या रात्री इतर गाड्यांवरही दगड पडले होते. समजा, पहिला दगड बोनेटवर आपटला, धाडकन आवाज झाला, गाडी हेलकावली, ब्रेकचे लाल दिवे लागले. पुलावरच्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. पहिल्या दगडापर्यंत ‘आम्हाला वाटलं नव्हतं’ हे खरं असू शकतं. दुसऱ्या दगडाच्या वेळी तिथे थांबलेल्या कुणाच्याही तोंडी ते खरं राहत नाही. म्हणून तपासाची पहिली मेहनत या दोन दगडांमधली मिनिटं शोधण्यात जायला हवी. त्या मिनिटांत कोण निघून गेला, कोण हसला, कोणी नवा दगड आणून दिला, कोणाचा मोबाइल चालू होता.

आता आपला कायदा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनं कलम 34, समान इरादा, आता कलम 3(5) झालं. समान इरादा पुढे नेण्यासाठी अनेकांनी मिळून कृत्य केलं तर प्रत्येकजण ते एकट्यानेच केल्यासारखा जबाबदार, हा त्याचा अर्थ. 1925 च्या बरेंद्रकुमार घोष खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हे पक्कं केलं: कलकत्त्याच्या टपाल कचेरीत पोस्टमास्तरला गोळ्या घातल्या गेल्या, मी तर बाहेर नुसता उभा होतो हा आरोपीचा बचाव टिकला नाही. पण त्याच न्यायालयाने 1945 मध्ये महबूब शाह खटल्यात लगाम घातला. सिंधू नदीकाठच्या लव्हाळ्यावरून झालेल्या भांडणात एकाच्या गोळीने माणूस मेला. त्याच वेळी दुसऱ्याच माणसावर गोळी झाडणाऱ्या महबूब शाहची खुनाची शिक्षा रद्द झाली. इरादा सारखा असणं वेगळं आणि इरादा एक असणं वेगळं, हा त्या निकालाचा गाभा. सर्वोच्च न्यायालयाने हैदराबाद संस्थानातल्या पांडुरंग खटल्यात 1954 च्या डिसेंबरात हीच रेघ आणखी ठळक केली: आधी मनं जुळलेली असल्याचं दिसलं पाहिजे, मग ती जुळणी क्षणभर आधीची का असेना.

पोरांच्या मस्करीत ही रेघच गोंधळ घालते. मारायचा इरादा एकाचाही नसतो. मग ‘समान इरादा’ कशाचा? दगड टाकण्याचा समान इरादा होता, मारण्याचा नव्हता, असं सरळ उत्तर आहे. म्हणजे दगड टाकण्याचं कृत्य सगळ्यांचं. पण त्या कृत्याला कोणत्या गुन्ह्याचं नाव द्यायचं, हे जाणिवेवर ठरतं. मृत्यू होण्याचा संभव आहे हे माहीत असून केलेलं कृत्य हा कलम 105 चा दुसरा भाग, 10 वर्षांपर्यंत कैद. माहीत नव्हतं, पण काळजी घ्यायला हवी होती, हा कलम 106 चा निष्काळजीपणा, 5 वर्षांपर्यंत. आणि एखादं कृत्य इतकं भयंकर की मरण जवळजवळ ठरलेलंच, हे माहीत असून केलं तर कलम 101 प्रमाणे तो खूनही होऊ शकतो.

इथे दोन कलमं अडगळीत पडलेली आहेत. एक 3(6), जुनं 35: कृत्य जेव्हा विशिष्ट जाणिवेमुळेच गुन्हा ठरतं, तेव्हा ती जाणीव घेऊन जो जो त्यात सामील झाला तो तो जबाबदार. दुसरं 3(9), जुनं 38: एकाच कृत्यात सामील असलेले लोक वेगवेगळ्या गुन्ह्यांचे दोषी असू शकतात. पुलावरच्या पाच मुलांसाठी याहून नेमकं काही लिहिता आलं नसतं. पहिला मुलगा गाडीला दगड लागलेला पाहून आणखी मोठा दगड शोधून आणतो: कलम 105. दुसरा मुलगा त्याच वेळी नुकताच पुलावर आलेला, आधीचं काही न पाहिलेला, सांगितलं म्हणून दगड उचलून देतो: फार तर 106. तिसरा कोपऱ्यात बसून मोबाइलवर भलतंच काही बघतो: काहीच नाही. एक दगड, तीन उत्तरं. सदोष मनुष्यवधाच्या जाणिवेच्या भागालाही सामूहिक जबाबदारी जोडता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये अफ्राहिम शेख खटल्यातच सांगून ठेवलं आहे. तेव्हा वाट नाही असं म्हणायला जागा नाही.

प्रत्यक्षात एफआयआरमध्ये काय येतं? ‘सर्वांनी संगनमत करून’. या तीन शब्दांनी पाच मुलांची एक मोळी बांधली जाते. पुढचे जबाब त्याच साच्यात उतरतात, दोषारोपपत्रात सगळ्यांपुढे एकच कलम येतं, आणि खटला उभा राहतो तेव्हा न्यायालयापुढे दोनच पर्याय उरतात: सगळे किंवा कुणीच नाही. सगळे म्हटलं तर कोपऱ्यातल्या मुलावर अन्याय. कुणीच नाही म्हटलं तर मेलेल्याच्या घरच्यांवर. ‘संगनमत’ हा शब्द लिहायला सोपा आहे, म्हणून मला त्याचा राग येतो. त्याच्यामुळे तपास अधिकाऱ्याचं महिनाभराचं काम वाचतं, आणि त्याची किंमत वीस वर्षांखालची मुलं आणि मृताचे आईवडील मोजतात.

दुसऱ्या बाजूचा एक आक्षेप खराच भारी आहे. दगड कुणी टाकला हे पाचही जण सांगत नसतील तर? एकमेकांकडे बोट दाखवून पाचही सुटतील. 3(5) आहेच त्यासाठी, आणि अशा वेळी ते वापरायलाच हवं. इंग्लंडचा एक जुना खटला इथे कामाला येतो. 1974 च्या ऑक्टोबरात वेल्समध्ये पॉन्टिप्रिडहून कार्डिफकडे निघालेल्या रेल्वेगाडीवर 15 वर्षांच्या दोन मुलांनी पुलाच्या कठड्यावरून फरशीचा तुकडा ढकलला. कामगारांनी तो तिथे ठेवलेला होता. काच फोडून तो केबिनमध्ये चालकाशेजारी बसलेल्या गार्डला लागला आणि गार्ड मेला. मुलं म्हणाली, आम्हाला धोका कळलाच नव्हता. 1976 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, दोघांचीही मॅनस्लॉटरची शिक्षा कायम केली: कृत्य मुद्दाम केलं, ते बेकायदा होतं, आणि कोणत्याही शहाण्या माणसाला त्यातला धोका दिसला असता, एवढं पुरे. मुलाला स्वतःला काय कळलं, हे त्या कसोटीत विचारलंच जात नाही. मला ही कसोटी मान्य नाही. 15 वर्षांच्या मुलाला चाळिशीतल्या शहाण्याच्या डोळ्यांनी मोजायचं आणि वर 15 वर्षांचाच म्हणून सवलत द्यायची, यापेक्षा त्याला खरंच काय दिसलं हे आधी शोधणं प्रामाणिकपणाचं. मात्र दोघं मिळून ढकलत असतील तर बोट नेमकं कोणाचं लागलं याने फरक पडू नये, हा त्या निकालातला भाग बरोबर आहे. त्याच इंग्लंडने 2016 मध्ये जोगी खटल्यात मान्य केलं की, साथीदार काय करू शकेल याचा नुसता अंदाज होता म्हणून दुसऱ्याला खुनी ठरवणं, ही 1984 पासून चाललेली चूक होती. अंदाज हा इरादा असल्याचा पुरावा होऊ शकतो, तो स्वतः इरादा नव्हे. तीन दशकं या चुकीखाली तरुण मुलं खुनी ठरत राहिली. ही चूक आपण नव्याने करायला नको.

प्रेक्षकांबद्दल मात्र मी सौम्य नाही. लॉरेन्स स्टाईनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा संगणकी खेळ दिला, कधी एकट्याने, कधी मित्रांसमोर. मित्र बघत असताना किशोरवयीनांनी घेतलेला धोका एकटं असतानापेक्षा खूप वाढला. मोठ्या माणसांत तसा फरक दिसला नाही. याचा उपयोग बहुतेक वेळा दगड टाकणाऱ्याची शिक्षा कमी करायला केला जातो. करावा. पण मग दुसरं टोकही धरावं लागेल. बघणारे नसते तर दगड पडायची शक्यता कमी झाली असती, असंच हा प्रयोग सुचवतो. मोबाइल धरून ‘टाक ना, घाबरला का’ म्हणणारा बघ्या राहत नाही. तो त्या दगडाला वजन देत असतो. चिथावणी ही आपल्या कायद्यात अपप्रेरणा, म्हणजे गुन्ह्याला उद्युक्त करणं, आहेच. रॅगिंगच्या बाबतीत महाराष्ट्राने 1999 च्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलं: विद्यार्थ्याची चेष्टामस्करी करण्याचा उल्लेख व्याख्येतच आहे, आणि करणाऱ्याबरोबर भाग घेणारा, मदत करणारा, पसरवणारा सगळे दोन वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र.

वर्कशॉपमधली एक मस्करी इथे मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्याकडे माणसं मारते आणि तिच्यात वाटेकरी डोळ्यांसमोर दिसतात. कपड्यांवरची धूळ झटकायला कॉम्प्रेसरच्या हवेची गन वापरतात. मग जेवणाच्या सुट्टीत एकजण हात धरतो, दुसरा पाय, तिसरा मागून गन लावून खटका दाबतो. कपडे अंगावर असले तरी हवा आत शिरते. मोठं आतडं साधारण 4 पीएसआय दाबाला फाटतं. मोटारीच्या टायरमध्ये 30 ते 35 असतो, कॉम्प्रेसरच्या टाकीत 100 च्या वर. एक-दोन सेकंद पुरतात. यात खटका दाबणाऱ्याइतकाच हात धरणारा कृत्याचा भाग आहे. त्याच्याशिवाय ते घडलंच नसतं. पण जाणीव? कालच कामाला लागलेल्या 16 वर्षांच्या पोराला हवेनं आतडं फाटतं हे कुणी सांगितलेलंच नसतं. दहा वर्षं त्या यंत्राशेजारी काढलेल्या मिस्त्रीला ते माहीत असतं, आणि तो हसत उभा असतो. मला विचाराल तर त्या खोलीत सर्वांत जड जबाबदारी त्या न धरणाऱ्या, न दाबणाऱ्या मिस्त्रीकडे जाते, कारण थांबवायचा अधिकार आणि ज्ञान दोन्ही त्याच्याकडे होतं. कायदा तिथवर सहज पोचत नाही, पण तपासाने त्याचा जबाब साक्षीदार म्हणून घेऊन विषय संपवू नये.

वयाचा मुद्दा आला की लोकांचा संताप उसळतो. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दोघांचा जीव गेल्यावर 17 वर्षांच्या मुलाला 300 शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा तो आपण पाहिला. पण बाल न्याय अधिनियम 2015 काय म्हणतो ते नीट बघायला हवं. 16 ते 18 वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवता येतो तो फक्त ‘घृणास्पद’ गुन्ह्यात, म्हणजे किमान शिक्षाच 7 वर्षं किंवा जास्त असलेल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात स्पष्ट केलं की कमाल शिक्षा कितीही मोठी असो, किमान 7 नसेल तर गुन्हा त्या वर्गात बसत नाही. कलम 105 मध्ये किमान शिक्षा फार तर 5 वर्षं आहे. म्हणजे सदोष मनुष्यवधात अल्पवयीन मुलगा बाल न्याय मंडळापुढेच राहतो, आणि सुधारगृहात जास्तीत जास्त 3 वर्षं. खुनाचं कलम 103 लागलं तरच प्राथमिक मूल्यमापन होऊन खटला बाल न्यायालयात जाऊ शकतो, म्हणजे प्रौढासारखा चालू शकतो. मग मोर्चा निघाला की पोलिसांवर 105 चं 103 करायचा दबाव येतो. हा दबाव झुगारला पाहिजे. संतापाच्या मापाने कलम ठरवलं तर पुढे खटल्यात ते टिकत नाही.

टोळक्यात एक 19 चा असेल तर आणखी एक गाठ पडते. कायदा अल्पवयीन आणि प्रौढाचा एकत्र खटला चालवू देत नाही. एकाच दगडाची सुनावणी दोन ठिकाणी होते, साक्षीदार दोनदा येतात, आणि एका ठिकाणी शाबीत झालेलं दुसऱ्या ठिकाणी पुन्हा शाबीत करावं लागतं. म्हणून प्रत्येकाची भूमिका पहिल्याच आठवड्यात स्वतंत्र कागदावर येणं आणखी गरजेचं. मुलांचे मोबाइल लगेच पंचनामा करून ताब्यात घ्यायचे, व्हिडिओंच्या वेळा लावायच्या, ग्रुपवरचे मेसेज डिलीट व्हायच्या आत मिळवायचे, पुलावरचे उरलेले दगड वजन करून ठेवायचे. हे शेवटचं हमखास राहून जातं. मेलेल्याला लागलेला दगड जप्त होतो, पण बाकीचे दगड केवढे होते, आधीच्यापेक्षा पुढचे मोठे होत गेले का, हे कुणी मोजत नाही. जाणिवेचा एवढा बोलका पुरावा रस्त्यावर पडून सकाळी झाडूवाल्याच्या टोपलीत जातो.

आणि मृत्यूची वाट का बघायची? रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 152 मध्ये गाडीवर दगड टाकून, प्रवाशाला धोका होऊ शकतो हे माहीत असून, नुसता टाकला तरी 10 वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप आहे. कुणी मरायची गरज नाही. तोच दगड महामार्गावरच्या पुलावरून पडून रिकाम्या सीटवर लागला तर बहुतेक वेळा न्याय संहितेचं कलम 125 लागतं: 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2500 रुपयांपर्यंत दंड. रुळावर जन्मठेपेपर्यंत, रस्त्यावर तीन महिने. रस्त्यासाठी 152 सारखं कलम आलं पाहिजे, आणि अल्पवयीनांसाठी त्यात तुरुंगाऐवजी समाजसेवा, समुपदेशन आणि पालकांवर दंड. बाल न्याय मंडळाला हे अधिकार आजही बाल न्याय अधिनियमाच्या कलम 18 खाली आहेत. चुकलेल्या पहिल्या दगडालाच त्या पाच मुलांना कुणीतरी मंडळापुढे उभं केलं, तर दुसऱ्या दगडाच्या रात्री ती पुलावर नसतील.

शेवटी तो एक मुलगा राहतो, जो ‘नको रे’ म्हणाला. प्रत्येक टोळक्यात असा एक असतो, आणि मोळी बांधणाऱ्या तपासात त्याचं सर्वांत जास्त नुकसान होतं. नको म्हणून तो तिथेच उभा राहिला, पुढचा दगड पडताना बघत राहिला, तर त्याचं ते वाक्य त्याला फारसं वाचवत नाही, आणि वाचवूही नये. पण नको म्हणून तो निघून गेला असेल तर पुढच्या दगडापुरता समान इरादा त्याच्या बाबतीत तुटलेला आहे. कलम 3(5) त्याच्यावर लावताच कामा नये. आणि पुलाच्या पायऱ्या उतरून त्याने 112 ला फोन केला असेल, दगड पडायच्या आधी किंवा पडल्यावर, तर त्या फोनची वेळ आणि रेकॉर्डिंग नियंत्रण कक्षात असतं. ते मागवायला तपास अधिकाऱ्याला एक पत्र पुरतं. मुलाच्या वकिलाने जामिनाच्या पहिल्याच तारखेला ते पत्र गेलंय का, हे विचारावं.